चुना न सोडणारे दाजी

४ मे, शनिवार. हाताला तेल लावून संकेश्वरी मिरच्यांचे देठ काढायला बसले आहे. कॉलेजं सुटली, खानावळीत जेवायला मोजकी माणसं उरली, तेव्हा वर्षाची चटणी आत्ताच उरकून घ्यायची. मिरच्या निवडायला घेतल्या तोच निपाणीहून आक्काचा फोन आला. "सचिन इचारतोय, ह्यांचा संघ ठेवायचा का काढायचा." मी म्हटलं, उद्या सांगते. ह्यांचा म्हणजे दाजींचा, संगणकावरच्या खेळातला. दाजी जानेवारीत गेले. जाताना माझा एक शब्द देणं ठेवून गेले, आणि मी विसरणारी बाई नाही.

तो शब्द म्हणजे 'हरलो'. दाजींना तो उच्चारताच यायचा नाही. कॅरम हरले तर बोर्ड वाकडा. पत्ते हरले तर पिसणाऱ्याचा हात वाईट. बांधाची केस हरले तेव्हा कोर्टातून येऊन चपला काढता काढता म्हणाले, "जज्ज नवा हुता." निपाणीच्या एका शाळेत ते पी.टी.चे मास्तर होते. एकदा त्यांचा फुटबॉलचा संघ बेळगावहून सणसणीत मार खाऊन परतला. दुसऱ्या दिवशी मैदानात सगळ्या शाळेसमोर दाजींनी जाहीर केलं, "आमची पोरं काल लई शिकून आली." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. आमच्याकडे दाजींनी मेव्हणीला आणि मेव्हणीनं दाजींना टोमणे मारायचेच असतात. मारले नाहीत तर लोक विचारतात, काय बिनसलंय का म्हणून. आमचं कधीच बिनसलं नाही. खुशीत असले की ते मला 'नंदे' म्हणायचे आणि चावायचं असलं की 'मेव्हणीबाई'. मी मेव्हणीबाईच जास्त वेळा असायचे.

तरुणपणी ते स्वतः लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचे राखणदार, खेळलेले. मैदानाच्या कडेची रेघ आखायचं काम त्यांनी कधी शिपायाला दिलं नाही. सामन्याच्या दिवशी पहाटे उठून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चुन्याची पाटी घेऊन स्वतः रेघ ओढायचे. दिवसभर पोटऱ्या पांढऱ्या. ती रेघ त्यांची जहागीर होती. "बॅकनं चुना सोडायचा न्हाय," हे त्यांचं वाक्य निपाणीच्या दोन पिढ्यांना पाठ आहे. चेंडू कुठंही असू दे, मधे आग लागू दे, बॅक चुन्याला चिकटून. त्यांचा एक विद्यार्थी आता रिक्षा चालवतो. तो सांगतो, "अजून बी रस्त्याच्या मधनं गाडी घ्यायला भ्या वाटतंय."

हे वाक्य मी त्यांच्या शाळेत जाऊन नाही, आमच्या परड्यात ऐकलं. मी नववीत होते, आक्काचं नुकतंच लग्न झालं होतं. सुट्टीला सासुरवाडीला आले की दाजी गोठ्याच्या मागे भिंतीला लावायच्या चुन्यानं रेघ ओढायचे आणि चिंध्यांचा चेंडू करून मला पळवायचे. माझा डावा पाय बरा चालतो हे त्यांनीच पाहिलं. पुढच्या वर्षी शाळेतल्या बाईंनी जिल्ह्याच्या मुलींच्या संघाच्या निवडीसाठी माझं नाव काढलं. बेळगावला जायचं होतं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जावयाला विचारलं, "तुमाला ह्यातलं कळतंय. पाठवू काय?" दाजींनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "नको. पोरींचं फुटबॉल कुठं असतंय." मी दाराआड उभी होते. निवडीच्या दिवशी मी शेंगा तोडायला रानात गेले.

त्यावर आम्ही दोघं पुढं कधी बोललो नाही. माझं लग्न झालं, टिळकवाडीत खानावळ काढली, ती चालली. दाजी रिटायर झाले. मग त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि घरात बसून त्यांनी आक्काला असं काही हैराण केलं की बेंगळूरहून सचिननं, त्यांच्या मुलानं, त्यांना संगणकावर एक खेळ घालून दिला. फुटबॉलचाच, पण यात आपण चेंडूला पाय लावायचा नाही. आपण मॅनेजर. संघ निवडायचा, कोण कुठं उभा राहील, कोणी कधी पुढं जायचं ते ठरवायचं, आणि मग खुर्चीत बसून आपली माणसं पडद्यावर काय दिवे लावतात ते बघायचं. दाजींना वाटलं, हा खेळ देवानं आपल्यासाठीच केला. फक्त हरवायला कोणीतरी हवं होतं. सचिननं माझ्याही संगणकावर तोच खेळ घातला आणि दोघांचे संघ एका लीगमध्ये टाकले. त्यांचा निपाणी, माझा बेळगाव.

नियम दाजींनी केला. हरणाऱ्यानं बेळगावच्या खडेबाजारातून ताजा कुंदा घ्यायचा, स्वतः जिंकणाऱ्याच्या घरी जायचं, तो त्याच्या हातावर ठेवायचा आणि चारचौघांत 'हरलो' म्हणायचं. कोणाबरोबर पाठवायचा नाही. पहिलं वर्षभर निपाणीची गाडी मीच पकडत होते. दाजींना साखर, त्यामुळे एरवी आक्का गोडाला हात लावू द्यायची नाही, पण जिंकलेल्या कुंद्याचा एक चमचा द्यायची. तो एक चमचा ते माझ्याकडे बघत बघत खायचे. घरी त्यांचा चष्मा सतत हरवलेला असायचा, म्हणून सामन्यात बटणं बहुतेक वेळा आक्काच दाबायची, एका हातानं डाळ निवडत. "सुमन, त्याला बाहीर काढ. तो न्हाय गं, त्याच्या शेजारचा." आमचे फोन चालू असायचे, सगळं ऐकू यायचं.

दाजींनी आयुष्यभर बॅकला चुन्यावर उभं केलं, म्हणून मी माझे बॅक आत आणायचं ठरवलं. दुसरं काही कारण नव्हतं. सचिन म्हणाला की बाहेरच्या देशात आता तसंच खेळतात, त्याला इन्व्हर्टेड फुलबॅक म्हणतात. चेंडू आपल्याकडे असला की कडेचा बॅक मैदानाच्या मधे येतो आणि तिथं एक माणूस जास्त होतो. ऐकायला सोपं होतं. मी माझ्या डाव्या बॅकला, परेराला, तशी सूचना दिली आणि पुढचा सामना लावला.

परेरा दोन पावलं आत आला, थांबला, परत कडेला गेला. नव्या सुनेसारखा स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत राहिला. तेवढ्यात चेंडू गेला, कड मोकळी, आणि दाजींचा माणूस त्या वाटेनं एस.टी.सारखा येत राहिला. सगळे गोल त्याच बाजूनं. त्या दिवशी सचिनच्या मुलीचं बारसं होतं, निम्मा गोतावळा निपाणीच्या घरात संगणकाभोवती जमला होता. दाजींनी आवाज लावला. "मेव्हणीबाई, तुमचा बॅक मधी काय करतोय? हळदी-कुंकवाला आलाय काय?" घर हसलं. माझे यजमानही हसले, ते मी लक्षात ठेवलं. दाजी थांबतात कुठले. "जाताना त्येची वटी भरून पाठवा."

त्यानंतर मी खेळ शिकायला बसले. बॅक बदलून पाहिला. महागातला घेतला. दोन्ही बॅक आत आणले, एकच आणला. सचिननं परदेशी लोकांचे व्हिडिओ पाठवले. एक माणूस अर्धा तास बाण काढून दाखवत होता आणि शेवटी म्हणाला की हे आपापल्या संघावर अवलंबून आहे. एवढं मला आमटी ढवळतानाही माहीत होतं.

कळलं ते खानावळीतच. जून-जुलैत कॉलेजं भरली की दुपारी झुंबड उडते. ताराबाई ओट्याच्या मधोमध कणीक मळायला, लक्ष्मी दाराशी वाढायला. वाढप ओसरलं की लक्ष्मीनं आत येऊन चपात्या लाटायच्या, असं मी तिला रोज सांगायचे. ती दोन पावलं आत यायची, थांबायची आणि परत दाराशी जाऊन उभी राहायची. एके दिवशी मी चिडून विचारलं, "आत का येत नाहीस?" ती म्हणाली, "कुठं यिऊ? ताराबाई हाईत की तिथं." मी ताराबाईंना म्हटलं, तुम्ही दाराशी जा, वाढा. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी बदली?" तासभर कुरकुरल्या, पण लक्ष्मी सरळ आत आली आणि तव्यावर चपाती कमी पडली नाही.

मी हात धुतले आणि संगणक लावला. माझ्या बचावफळीच्या पुढं मधोमध मी एक आडदांड गडी उभा केला होता. मला त्याचा फार भरवसा. परेरा ज्या जागेत यायला बघत होता ती जागा या गड्यानं धरलेली होती. त्याला उचलून पुढं पाठवला. मग कड मोकळी पडते म्हणून परेराच्या पुढं कडेनं खेळणाऱ्या विंगरला सांगितलं, तू रेघेवरून हलायचं नाही. चुना मोकळा सोडू नये हे दाजींचं खरंच होतं. पण चुन्यावर बॅकच उभा पाहिजे, असं काही नाही. तिथं कोणीतरी असलं की झालं. पुढच्या सामन्यात परेरा असा आत शिरला, जशी काही ती जागा त्याच्याच नावावर होती.

हे मी दाजींना कळू दिलं नाही. इतर संघांशी खेळताना नवी रचना पक्की करत राहिले आणि दाजींशी खेळताना मुद्दाम जुना घोळ घालत राहिले. हरले, कुंदा नेऊन दिला, 'हरलो' म्हटलं. चमचा चाटत दाजी म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमच्या येण्या-जाण्यावर एस.टी. चालली बघा." मी म्हटलं, खावा, दाजी. खाऊन घ्या.

दिवाळीनंतर त्यांना गाठलं. पहिला गोल परेराच्या पायातून निघाला, दुसराही. फोनवर दाजींचा श्वास ऐकू येत होता. "ह्यो आत कसा आला? सुमन, ह्येला कोणीच का धरत न्हाय?" धरणार कसे, त्यांचे दोन्ही बॅक चुन्यावर पहारा देत होते. खेळ संपायला थोडाच वेळ राहिला आणि पडदा थिजला. दाजी म्हणाले, "लाईट गेली गं. काय करायचं, हितं ह्ये असंच हाय. सामना रद्द." मी आक्काच्या फोनवर फोन लावला. पलीकडून मिक्सरची घरघर येत होती. विचारलं, लाईट गेली का? आक्का ओरडून म्हणाली, "ऐकू येईना, थांब, मिक्सर बंद करते."

दाजींना मी काही बोलले नाही. पुढचा सामना पुढच्या रविवारी ठरवला. आक्काला तेवढं सांगितलं, डाळ घेऊन प्लगापाशी खुर्ची टाकून बस. ती बसली. त्या दिवशी चष्मा सापडलेला होता, बटणं दाजी स्वतः दाबत होते. तीन-एकनं हरवलं. शेवटची शिट्टी झाली. मग दाजी म्हणाले, "सुमन, ऊठ आता तिथनं."

ते आले. नवे गुडघे, हातात काठी, बगलेत कुंद्याचा पुडा. दुपारची वेळ, खानावळ पोरांनी भरलेली. पुडा माझ्या हातावर ठेवला आणि मी वाट बघत उभी राहिले. दाजींनी सगळ्यांकडे बघून घसा खाकरला. "हिला मीच शिकवलंय," ते म्हणाले. "परड्यात. चिंध्यांच्या चेंडूनं. डावा पाय बघून मीच म्हणलं हुतं, ही बॅक हाय."

इतक्या वर्षांत त्यांनी परड्याचं नाव काढलेलं ते पहिल्यांदा. मला वाटत होतं ते विसरले. विसरले असते तर बरं, इतका राग आला. हातात आमटीचा डाव होता. तो तसाच धरून मी विचारलं, "मग निवडीला पाठवू नका असं का सांगितलंत?"

पोरं जेवायची थांबली. दाजींनी स्टूल ओढलं, काठी भिंतीला लावली. म्हणाले, "नवा जावई हुतो. तुझा पाय मोडला असता तर तुझ्या बानं मला दारात उभं केलं नसतं."

"म्हणजे भ्यालात."

"व्हय. भ्यालो." एवढं सरळ उत्तर त्यांनी कोणाला दिलेलं मी ऐकलं नव्हतं. मग ताट ओढून घेतलं. "आमटी वाढ."

मी वाढली. भ्यालो म्हणाले, हरलो नाही म्हणाले, हे माझ्या लक्षात होतं. त्यांचं जेवण होईस्तोवर समोर बसून मी अख्खा कुंदा खाल्ला, सावकाश. अर्ध्यावर आल्यावर म्हणाले, "एक चमचा तरी, नंदे." मी म्हटलं, जिंकणाऱ्याचा असतो. बोटं पुसून मी त्यांना बजावलं की अजून एक शब्द राहिला आहे. ते काठी घेऊन उठले. "परतीचा सामना सक्रांत झाल्यावर. त्यात हरीवलंस तर म्हणीन. पोरांदेखत म्हणीन." पोरांनी साक्ष राहायचं कबूल केलं. गाडीत बसवून दिलं तेव्हा खिडकीतून म्हणाले, "परेरा विकतीस काय?"

संक्रांतीच्या आधीच गेले. झोपेतच. आक्का चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा कळलं. मी निपाणीला पोचले, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा स्वयंपाक हातात घेतला, दिवसकार्य उरकेपर्यंत तिथंच राहिले. त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, केस पांढरे झालेले, खांदा देताना रांगेत. मला राग आला होता आणि तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता. लाईट गेली म्हणून पळणारा माणूस. या वेळी प्लग फारच लांबचा ओढला.

आक्का तेव्हापासून घराबाहेर पडलेली नाही. देवळात नाही, बाजारात नाही. बेळगावला ये म्हटलं की, बघू म्हणते. सचिन बेंगळूरला चल म्हणतो, त्यालाही बघूच म्हणते. फोनवर तिच्या मागं आता मिक्सरसुद्धा ऐकू येत नाही. एकटीला कशाला काय वाटायचं, म्हणते.

५ मे. सकाळी भांडी घासून झाल्यावर मी आक्काला फोन लावला. म्हटलं, संघ काढायचा नाही. तू घे.

"मला काय येतंय त्यातलं?"

"चष्मा हरवला की बटणं कोण दाबत होतं?"

मी म्हटलं, परतीचा सामना राहिलाय, नाश्ता कर आणि संगणक लाव. कुरकुरत का होईना, लावला. तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "ह्यांनी जसं ठेवलंय तसंच ठेवते बघ," ती म्हणाली. "दोघं बॅक चुन्यावर."

ठेव म्हटलं. परेराला आत पाठवला. आक्काशी हळू खेळता आलं असतं, आडदांड गड्याला परत मधे आणून ठेवलं की झालं. पण मला खेळायचं होतं ते दाजींशी. पहिला गोल झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला आक्का चिडली. "जरा दम धर की गं. सख्खी भन हाय मी तुझी." इतक्या महिन्यांत तिचा आवाज वर चढलेला मी ऐकला नव्हता. मी दम धरला नाही. चौथा गोल केला.

शिट्टी वाजली. मी त्या शब्दाची वाट बघत बसले. आक्कानं नाक ओढलं.

"हरलो गं," ती म्हणाली. "दोघंबी."

मी म्हटलं, आता निघ. बसस्टँडवर उतरलीस की खडेबाजारातून ताजा कुंदा घे आणि जेवायच्या वेळेपर्यंत इथं ये.

"ह्या उन्हात? सचिन आला की त्येच्याबरोबर पाठवते की."

पाठवायचा नाही, स्वतः आणायचा, नियम आहे, असं मी म्हटलं आणि फोन ठेवला.